लेथवाल्या मामांना अनावृत पत्र

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

तुम्ही करून दिलेल्या वस्तूंचे आभार मानायचेच आहेत. पण त्याआधी आभार तुम्ही जे करून द्यायला नकार दिलात त्याचे.

स्कूबाचा रेग्युलेटर, म्हणजे पाण्याखाली सिलिंडरमधली हवा श्वास घेण्याजोगी करून देणारं उपकरण, घरी खोलायचा तर निम्मं काम अवजारांचं असतं. सर्व्हिसिंगचा कोर्स झालेला होता, मॅन्युअल आणि सुट्या भागांचं किट हाताशी होतं. अवजारं मात्र सोलापुरात कुठून मिळणार? ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) काढायला पोलादी टोच्या चालत नाही, खाचेत ओरखडा पडला की तिथूनच हवा गळते. तुम्ही पितळी सळीची टोकं घासून दोन हूक दिलेत. डायफ्रामवरची (आतल्या रबरी पडद्यावरची) रिंग फिरवायला व्हर्नियरने माप घेऊन दोन पिनांचा पाना केलात.

आणि ती नळी! सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, श्वासाच्या किती ओढीला उघडते हे पाण्याच्या इंचांत मोजतात. त्यासाठी तुम्ही गवंड्याची लेव्हल नळी आणायला लावलीत, ती इंग्रजी यू आकारात प्लायवूडवर बसवलीत आणि मधे फूटपट्टी ठोकलीत. हळू श्वास ओढायचा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक वाचायचा. माझी आता सव्वा इंचाला उघडते.

आता तो नकार. फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागात, सिलिंडरची 200 बार दाबाची हवा नऊ-दहा बारवर येते, आणि ती अडवणारी सीट एका बारीक पितळी कडेवर टेकते. तुम्ही भिंगातून त्या कडेवरची खोच पाहिलीत. लेथवर ती घासून देणं तुम्हाला पाच मिनिटांचं काम होतं. "जमतंय की, पण करायचं नाही. नवीन आण," म्हणालात. गिऱ्हाईक आणि पैसे दोन्ही समोर असताना असं म्हणणारे कारागीर थोडे. ती कड नीट बसली नाही तर दाब हळूहळू चढत जातो आणि सेकंड स्टेज आपोआप वाहू लागते. नवा भाग बसवल्यावर दाबाच्या गेजचा काटा अर्धा तास हलला नाही.

तुम्ही याला "गॅसच्या रेग्युलेटरचा भाऊ" म्हणाला होतात, ते खरंच निघालं. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, तेव्हा एमिल गान्यां या इंजिनिअरने गॅसवर मोटारी चालवण्यासाठी एक व्हॉल्व्ह केला होता. 1943 साली त्याने आणि जाक कुस्तो या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने त्यातूनच पाण्याखालचा रेग्युलेटर घडवला.

बाकी सफाई घरीच झाली, कोमट पाण्यात पांढरं व्हिनेगर घालून. शेवटी डिस्टिल्ड वॉटर, कारण आमच्या बोअरच्या पाण्याचे डाग पडतात. पुसायला टॉवेल मात्र वर्ज्य, त्याचे तंतू आत राहतात. टॉवेलच्या गावात राहून हे सांगायला जरा जड जातं!

आधी जलतरण तलावात आणि मग जोडीदारासोबत तारकर्लीला उथळ पाण्यात उतरून पाहिलं. श्वास हलका येतो.

खोच पडलेला तो जुना भाग तुमच्याकडेच आहे. परत देऊ नका, शेडमधल्या पोरांना भिंगाखाली दाखवायला राहू द्या.

आपला,
पाणबुड्या भाचा