रोबोला आधी थांबायला शिकवा

महोदय,

माणसांत मिसळणाऱ्या रोबोंवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. त्यांचा चेहरा किती बोलका झाला, आवाज किती मऊ झाला, हे त्यात भरभरून आहे. ते ऐकतात कसे, यावर मात्र एक ओळही नाही. मी सत्तावीस वर्षं स्पीच थेरपिस्ट आहे. पक्षाघातानंतर ज्यांची वाचा अडखळू लागली, अशा माणसांबरोबर माझा दिवस जातो. म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी एका पुनर्वसन केंद्रात बोलण्याच्या सरावासाठी असा रोबो काही आठवडे आणला होता. गोल डोकं, मोठे डोळे, मान तिरकी करून बघायची लकब. आयुष्यभर सुतारकाम केलेले माझे एक रुग्ण त्याच्यासमोर हौसेनं बसले. रोबोनं विचारलं, "तुम्ही काय काम करायचात?" त्यांची नजर खाली गेली, डाव्या हातानं त्यांनी हवेत रंधा मारला, ओठांचा चंबू झाला. 'सु'पर्यंत शब्द येऊन पोचला होता. तेवढ्यात रोबो म्हणाला, "छान! आता पुढचा प्रश्न." असं तीनदा झालं. चौथ्या वेळी त्यांनी तोंड उघडलंच नाही. पुढचे दोन दिवस ते माझ्याशीही बोलले नाहीत.

रोबो बिघडला नव्हता. बरीचशी बोलकी यंत्रं समोरच्याचं बोलणं संपलं हे शांततेवरून ठरवतात. आवाज थांबून ठरावीक वेळ गेला, बहुधा सेकंदभर किंवा त्याहूनही कमी, की बोलायची पाळी आपली. धडधाकट माणसांत हे खपून जातं. २००९ साली दहा भाषांमधल्या संभाषणांची तुलना झाली, तेव्हा प्रश्न आणि उत्तर यांच्यात सरासरी सुमारे २०० मिलिसेकंदांचं अंतर आढळलं. साध्या वस्तूचं नाव मनात जुळवून उच्चारायलाच याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर घडत असतं. वाचाघातात, म्हणजे मेंदूला इजा होऊन शब्द सापडेनासे होतात तेव्हा, नेमकी ही तयारी मोडते. एका शब्दाला दहा सेकंद लागू शकतात, कधी वीस. तेवढा वेळ माणूस गप्प असतो, पण त्याचं बोलणं चालूच असतं.

हे ओळखण्याच्या खुणा नुसत्या आवाजात नसतात, अंगातही असतात. नजर बाजूला वळते, श्वास धरला जातो, हात उचलला जातो. माझ्या सुताराचा रंधा ही पूर्ण वाक्याइतकी स्पष्ट खूण होती. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत सिंथिया ब्रेझील यांनी घडवलेल्या किस्मेट या रोबोला शब्द येत नव्हते, तो नुसता बडबडायचा. पण पाळी सोडताना भुवया उंचावून तो पुढे झुकायचा, पाळी राखताना नजर बाजूला न्यायचा. बोलण्याची देवघेव अंगानंही होते, हे तेव्हाच कळलं होतं. मग आजच्या रोबोला एवढा देखणा चेहरा देऊन समोरच्याचा चेहरा वाचायला का शिकवत नाहीत?

जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी केलेला पारो हा सीलच्या पिल्लासारखा रोबो मला या बाबतीत प्रामाणिक वाटतो. सीलबरोबर फारसं कुणी राहिलेलं नसतं, त्यामुळे खऱ्या प्राण्याशी त्याची तुलना होत नाही, म्हणून त्यांनी कुत्र्या-मांजराऐवजी हे रूप निवडलं. पारो बोलत नाही, कुरवाळलं की हलतो, आवाज काढतो. जेवढं जमतं तेवढंच त्याचं रूप कबूल करतं. मोठे डोळे लावून मान तिरकी करणारं यंत्र मात्र 'मला कळतंय' असं सांगतं, आणि माझ्या रुग्णानं त्यावर विश्वास ठेवला होता.

माझी विनंती रोबो घडवणाऱ्यांना आहे. थांबण्याचा वेळ यंत्रात कायमचा ठोकून बसवू नका, तो माणसागणिक बदलता येऊ द्या. समोरचा शब्द शोधत असताना रोबोनं नवा प्रश्न विचारू नये, नजर हटवू नये, फार तर हलकासा हुंकार द्यावा. आणि चाचणीला फक्त झरझर बोलणारे तरुण इंजिनिअर बसवू नका. वाचाघात झालेली, अडखळत बोलणारी, कानानं अधू अशी माणसं पहिल्या आराखड्यापासून सोबत घ्या. माझ्याकडे येणारे चौघे जण यासाठी तयार आहेत, सुतारकाकाही. येताना पूर्ण सकाळ मोकळी ठेवून या.

– एक स्पीच थेरपिस्ट