हेलिकॉप्टर आधी टेबलावर जुळवा, मग हवेत सोडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीतल्या छंदांवरचा लेख वाचला. बारावीनंतरच्या मुलांना रिमोटचं हेलिकॉप्टर घेऊन द्यावं, अशी त्यात सूचना आहे. मला ती मनापासून आवडली, कारण निवृत्तीनंतर मी स्वतः तेच उडवते. पण खोक्यातून काढून बॅटरी चार्ज केली की झालं, असा जो समज लेख वाचून होतो, तो दूर करणं मला गरजेचं वाटतं. लेखासोबतच्या छायाचित्रातलं मशीन तसं उडत नाही.

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडची निदेशक होते. हेलिकॉप्टर मला माझ्याच एका माजी प्रशिक्षणार्थ्याने शिकवलं. तो मिरज एमआयडीसीत नोकरी करतो आणि ऊस तुटून गेलेल्या त्यांच्या रानात रविवारी सकाळी उडवतो. त्यामुळे पुढे लिहिते आहे ते हाताखालून गेलेलं आहे.

आमच्या कॉलनीतल्या एका मुलाने असंच मशीन ऑनलाइन मागवलं. 450 आकाराचं, सव्वातीनशे मिलिमीटर लांबीच्या पात्यांचं. गल्लीत ठेवून त्याने थ्रॉटल दिला. मशीन जागच्या जागी गरगर फिरलं, कलंडलं, दोन्ही पाती तुटली, शेपटीचा दांडा (टेल बूम) वाकला. पोरगं रडवेलं झालं. आपल्याला हे जमणार नाही, असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. मी मशीन घरी आणून पाहिलं तर जायरोची, म्हणजे शेपटीचं वळणं ओळखून ती सावरणाऱ्या उपकरणाची, दिशा उलटी लावलेली. म्हणजे शेपूट डावीकडे गेली की जायरो तिला आणखी डावीकडे ढकलणार. ते मशीन जगातल्या कुठल्याही पायलटला उडवता आलं नसतं. ही तपासणी करायला अर्धं मिनिट लागतं: शेपूट हाताने एका बाजूला झटकायची आणि टेल सर्वो (शेपटीच्या पात्यांचा कोन बदलणारी छोटी मोटर) तिला परत आणायच्या दिशेने हलतो का ते बघायचं. पण हे त्या मुलाला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि पुष्कळ मुलांचा छंद इथेच संपतो. मशीन माळ्यावर जातं आणि वडील म्हणतात, पैसे पाण्यात गेले.

ड्रोन आणि हेलिकॉप्टर यांत पालकांची गल्लत होते, म्हणून थोडं यंत्राबद्दल. ड्रोनचे चार पंखे फक्त वेग कमी-जास्त करतात, तोल आतला संगणक सांभाळतो. बहुतेक ड्रोन हात सोडले तरी हवेत उभे राहतात. हेलिकॉप्टरच्या दोन पात्यांचा कोन मात्र सतत बदलत असतो. तीन सर्वो मिळून स्वॅशप्लेट, म्हणजे पात्यांखालची कलणारी तबकडी, वर उचलतात तेव्हा दोन्ही पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि मशीन वर जातं. स्वॅशप्लेट कलली की फेरीच्या एका भागात कोन जास्त, समोरच्या भागात कमी होतो आणि मशीन त्या बाजूला सरकतं. शिवाय मुख्य रोटर घड्याळाच्या दिशेने फिरत असला की अंग उलट्या दिशेने वळू पाहतं, त्याला शेपटीचा रोटर रोखतो. त्या रोटरच्या रेट्याने अख्खं मशीन डावीकडे सरकतं, म्हणून व्यवस्थित तरंगणारं हेलिकॉप्टर किंचित उजवीकडे कललेलंच असतं. नवखा मुलगा तो कल काढायला ट्रिमची (स्टिकचा मध्य सरकवणारी) बटणं दाबत बसतो आणि चांगलं जुळलेलं मशीन बिघडवून ठेवतो.

धोक्याबद्दल लेखात अक्षरही नव्हतं. याच 450 आकाराच्या मशीनचा रोटर मिनिटाला 2,200 फेरे घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी 290 किलोमीटरच्या आसपास जातो. पाती कार्बन फायबरची असतात. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका बागेत एकोणीस वर्षांचा तरुण स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं लागून जागीच गेला. तो काही नवशिका नव्हता, आणि मशीनही यापेक्षा बरंच मोठं होतं. मी हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पण गल्लीत, गच्चीवर, लहान मुलं भोवती जमवून हे उडवायचं नसतं, एवढं तरी प्रत्येक घरात माहीत हवं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला द्यायचंच असेल तर एकावर एक दोन रोटर असलेलं, उलटसुलट फिरणारं छोटं मशीन द्यावं. ते हलकं आणि स्थिर असतं, घरात चालतं.

आता टेबलावरचं काम. माझ्या मते या छंदाचा सगळा गाभा इथेच आहे.

पहिली गोष्ट, मोटरच्या वायरी तिचा वेग ठरवणाऱ्या स्पीड कंट्रोलरपासून सोडवून ठेवायच्या. जुळवाजुळव करताना मोटर फिरता कामा नये. मग बॅटरी जागेवर बांधून मशीन रोटर हेडला धरून उचलायचं. नाक खाली झुकलं तर बॅटरी मागे, शेपूट झुकली तर पुढे. तोल थेट मेन शाफ्टखाली, म्हणजे रोटरच्या उभ्या दांड्याखाली, आला पाहिजे. पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) आणि मेन गिअरच्या दात्यांमध्ये साध्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबून आवळायची, मग पट्टी फिरवून काढून घ्यायची, म्हणजे नेमकी हवी तेवढी फट उरते. धातूत धातू जातो त्या प्रत्येक स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावायचं, प्लॅस्टिकला चुकूनही नाही. पात्यांचे बोल्ट किती आवळायचे? मशीन आडवं धरलं तर पाती स्वतःच्या वजनाने लोंबू नयेत, पण हलका झटका दिला की हलावीत.

यानंतर ट्रान्समीटर चालू करून सर्वोचे हात काटकोनात आणायचे, स्वॅशप्लेट शाफ्टला अगदी काटकोनात आहे का ते बघायचं आणि पात्यावर कोन मोजणारा पिच गेज चढवायचा. मधल्या स्टिकला साधारण पाच-सहा अंश आले की शिकण्यापुरतं मशीन तयार झालं. उलटं उडवायची, कसरतींची पिच कर्व्ह (स्टिक कुठे असता पात्यांचा कोन किती, याची मांडणी) फार पुढची गोष्ट. दुकानदार ती भरून देतात आणि मुलं तीच चालू करतात.

सगळ्यात मन रमतं ते ट्रॅकिंगमध्ये. दोन्ही पाती एकाच पातळीत फिरली पाहिजेत. एका पात्याच्या टोकाला लाल टेप लावायची, दुसऱ्याला पिवळी, दोन्ही टेप सारख्या लांबीच्या, नाहीतर तोल जातो. मशीन मोकळ्या जागी ठेवून आपण पाच-सहा मीटर लांब उभं राहायचं, तरंगायच्या बेताला रोटर आणायचा आणि एका जाणत्या माणसाने लांबूनच, खाली वाकून पण पात्यांच्या रेषेत न येता, फिरती तबकडी कडेने बघायची. पाती जुळलेली नसतील तर कडेला दोन रेषा दिसतात, एक वर, एक खाली. लाल रेषा वर असेल तर लाल पात्याचा कोन जास्त आहे. मशीन बंद करायचं, पाती पूर्ण थांबू द्यायची, पकडीने त्या पात्याचा कोन ठरवणारी छोटी काडी, म्हणजे बॉल लिंक, काढायची, एक फेरा पिळायची, पुन्हा बसवायची. पुन्हा चालू, पुन्हा बघायचं. कधी एका फेऱ्याने भागतं, कधी लाल लिंक एक फेरा आणि पिवळी उलटा एक फेरा असं करावं लागतं. मग दोन रेषा एकमेकींत मिसळतात आणि त्याच क्षणी आवाज बदलतो. खरखर जाऊन एकसुरी गुणगुण येते, स्किडची (मशीनच्या खालच्या पायांची) थरथर थांबते. माझ्या हाताखालून किती ऑसिलोस्कोप गेले, पण हे पाहून होणारा आनंद वेगळाच आहे.

थरथर तरीही राहिली तर पात्यांची वजनं बघायची. दोन्ही पाती एका बोल्टला समोरासमोर लावून बोल्ट दोन पेल्यांच्या कडांवर ठेवला की जड पातं खाली जातं. हलक्याच्या टोकाला टेप वाढवायची. तेही ठीक असेल तर बहुतेक वेळा शाफ्ट वाकलेला निघतो.

उडवायला शिकण्याचा क्रमही ठरलेला आहे आणि तो मोडून कोणी लवकर शिकल्याचं मी पाहिलेलं नाही. आधी संगणकावर सिम्युलेटर. त्यात मशीन आपटलं तर पैसे जात नाहीत. मग स्किडला आडव्या-उभ्या काड्यांचं, टोकाला चेंडू असलेलं ट्रेनिंग गिअर बांधायचं, म्हणजे मशीन सहजी कलंडत नाही. शेपूट आपल्याकडे ठेवून गुळगुळीत जमिनीवर नुसतं इकडून तिकडे सरकवायचं. हे कंटाळवाणं वाटतं, पण बोटं इथेच तयार होतात. माझा शिक्षक मला सारखं सांगायचा, "मॅडम, मनगट नको, फक्त बोटं. आणि थोडंच, पण सारखं द्या."

मुलं घाबरून मशीन वीतभर उंचीवरच ठेवतात. तिथे रोटरची स्वतःचीच हवा जमिनीवरून उसळून येते आणि मशीन घसरत राहतं. रोटरच्या व्यासापेक्षा, म्हणजे या आकारात दोन-अडीच फुटांपेक्षा, वर गेलं की ते शांत होतं. चार-पाच फुटांवर शेपूट आपल्याकडे ठेवून स्थिर उभं करता आलं की तिरपं, मग आडवं, आणि अगदी शेवटी नाक आपल्याकडे. नाक समोर आलं की डावं-उजवं आणि पुढचं-मागचं उलटं होतं आणि भल्याभल्यांची त्रेधा उडते. त्यावर एक युक्ती आहे: मशीन ज्या बाजूला खाली झुकतंय असं दिसेल, स्टिक त्याच बाजूला न्यायची, जणू खालच्या कडेला हाताचा आधार दिला. डोकं विचार करत बसलं तर उशीर होतो, हे हातालाच कळावं लागतं.

हवेचंही बघावं. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठनंतर वावटळी सुटतात आणि गरम हवा विरळ असल्याने तेच मशीन जड वाटतं. बॅटरीबद्दल एकच सांगते, लिथियम पॉलिमर बॅटरी घराबाहेर जाताना किंवा झोपताना चार्जिंगला लावून ठेवू नये. प्रत्येक सेल 4.2 व्होल्टच्या वर जाऊ नये, फार खाली उतरू नये, आणि ठेवून द्यायची असेल तर 3.8 च्या आसपास ठेवावी. फुगलेली बॅटरी वापरू नये, कितीही महाग असली तरी.

हा पोरखेळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक दाखला. खऱ्या हेलिकॉप्टरचा तोल कसा राखायचा हे कोडं अमेरिकेत आर्थर यंग या गृहस्थाने लहान मॉडेलांवर सोडवलं. 1928 पासून तो मॉडेलं बनवत, मोडत होता. त्यातून त्याला रोटरसोबत फिरणाऱ्या स्थिरक दांडीची कल्पना सुचली. त्याच दांडीचं बेल 47 हे हेलिकॉप्टर 8 मार्च 1946 रोजी नागरी वापरासाठी मान्यता मिळालेलं पहिलं हेलिकॉप्टर ठरलं. आपल्या मुलांच्या जुन्या मॉडेलांवर छोटी वल्ह्यासारखी टोकं असलेली जी आडवी दांडी दिसते, तिचं एक मूळ तिथेच आहे. आता तिची जागा इलेक्ट्रॉनिक जायरोंनी घेतली आहे.

नियमांची भीती घालणारेही भेटतात. 2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतची, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी आणि नजरेच्या टप्प्यातच उडवली जाणारी मॉडेलं स्वतंत्रपणे धरलेली आहेत आणि त्यांना टाइप सर्टिफिकेट (त्या प्रकारच्या मशीनची सरकारी मान्यता) लागत नाही. दोन किलोपर्यंतचं मशीन हौसेसाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही. मात्र सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या, म्हणजे परवानगीशिवाय उडवता येणाऱ्या, क्षेत्रात आहे का आणि नोंदणीचं काय, हे आधी बघितलंच पाहिजे. विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

खरी अडचण जागेची आणि शिकवणाऱ्याची आहे. म्हणूनच हे पत्र. आपल्या राज्यात बहुतेक तालुक्यांत शासकीय आयटीआय आहे. रविवारी त्याचं आवार रिकामं असतं. फिटर ट्रेडकडे व्ही-ब्लॉक आणि डायल गेज आहेत. वाकलेला शाफ्ट तपासायला याहून चांगलं काय हवं? इलेक्ट्रॉनिक्सकडे पॉवर सप्लाय आणि मल्टिमीटर आहेत. ड्रोनचे अभ्यासक्रमही आता काही संस्थांत आले आहेत. महिन्यातले दोन रविवार, सकाळी सहा ते नऊ, आवारात दोरी बांधून प्रेक्षक लांब ठेवून हा छंद तिथे शिकवता येईल. पहिले काही रविवार नुसतं टेबल. ज्याचं मशीन जाणत्याने तपासलं नाही, त्याला मैदान नाही, असा नियम ठेवावा. मुलींनाही मुद्दाम बोलवावं. माझ्या वर्गातल्या मुलींचं बारीक सोल्डरिंग मुलांपेक्षा सरस असायचं आणि बॉल लिंकला तसाच हात लागतो.

आपण पुरवणीत पुढचा लेख छापाल तेव्हा खरेदीच्या किमतीबरोबर एवढं तरी छापा: सिम्युलेटर, ट्रेनिंग गिअर, पिच गेज आणि पात्यांचा एक जादा जोड यांचा खर्च आधीच धरावा, आणि पहिलं उड्डाण जाणत्या माणसासमोरच करावं. सांगली-मिरज भागातली एखादी संस्था आवार द्यायला तयार असेल तर टेबलाची बाजू मी विनामूल्य सांभाळीन. मैदानाची बाजू माझा तो विद्यार्थी सांभाळायला तयार आहे, त्याला विचारूनच लिहिते आहे. कॉलनीतल्या मुलाचं मशीन जुळवून झालंय, नवी पाती लावली आहेत. तो सध्या सिम्युलेटरवर नाक समोर ठेवायचा सराव करतोय.

कळावे,
आपली,
एक निवृत्त आयटीआय निदेशक, मिरज
(नाव व पत्ता आपल्याकडे स्वतंत्रपणे पाठवला आहे.)