डंजींची अर्धीच गोष्ट

अमेरिकन फुटबॉलचे माजी प्रशिक्षक टोनी डंजी यांच्यावरील रविवारच्या लेखात (क्रीडा पान) त्यांची सारी थोरवी २००७ च्या सुपर बोल (तिथल्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना) विजेतेपदावर तोलली आहे, ते पटले नाही. वर्षानुवर्षे तळाशी रुतलेला टॅम्पा बेचा संघ त्यांनी १९९६ मध्ये हाती घेतला, सहा हंगामांत चार वेळा बाद फेरीत नेला आणि २००१ च्या हंगामानंतर त्यांनाच नारळ मिळाला. पुढच्याच हंगामात तो संघ अजिंक्य ठरला; बचावफळी बव्हंशी डंजींनी घडवलेली! शिवाय खेळाडू डंजी लेखात जवळजवळ नाहीतच. महाविद्यालयात क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रे हाती ठेवून पास फेकणारा खेळाडू) असलेल्या डंजींना पिट्सबर्गच्या संघाने बचावात उभे केले. १९७७ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध ऐनवेळी पुन्हा क्वार्टरबॅक व्हावे लागले, तेव्हा एकाच सामन्यात त्यांनी प्रतिस्पर्ध्याचा पास हिरावला आणि स्वतःचाही गमावला.

– एक वाचक, पुणे