चिऊ, "काय नाही पप्पा" म्हणू नकोस

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

फोनवर मी दोन मिनिटांत "जेवलीस का, पैसे आहेत का" यावर येतो आणि तू "हो" म्हणून ठेवतेस. म्हणून लिहायला बसलोय. उद्यमनगरातली सगळी शटरं पडली आहेत, आपला लेथही बंद केलाय. हे संपल्याशिवाय घरी जाणार नाही.

काल किरणोत्सवाचा शेवटचा दिवस. तुझी आई दोन वर्षांनी पहिल्यांदा अंबाबाईच्या देवळात गेली. घरी आल्यावर मावळतीची किरणं देवीच्या चेहऱ्यापर्यंत पोचली का, हे तिनं सांगितलंच नाही. गर्दीत शेजारच्या बाईनं विचारलं, "मुलं किती तुम्हाला?" एरवी आई "एक मुलगी" म्हणते आणि घरी येऊन रात्रभर जागते. काल म्हणाली, "दोन. थोरला गेला. डिप्रेशन होतं त्याला, आत्महत्या केली." त्या बाईनं काही विचारलं नाही. बाजूला सरकली आणि आईला आपल्या पुढं उभं केलं. एवढंच. आई काल रात्री नीट झोपली.

मी मात्र जागा होतो. कारण "ॲटॅक आला" हे खोटं माझं आहे. त्या रात्री पाहुण्यांना फोन करताना माझ्या तोंडातून ते निघालं आणि पुढं सगळ्या घरानं तेच म्हणायचं ठरलं. तू एकोणीस वर्षांची. कॉलेजात मैत्रिणींना तेच सांगत राहिलीस. सख्ख्या भावासाठी तुला मोकळेपणानं रडू दिलं नाही मी. पोरी, त्याची माफी मागतो.

दादाला शाहू स्टेडियमची किती ओढ होती, तुला माहीत आहे. पाटाकडील-दिलबहारची फुटबॉल मॅच असली की त्या दिवशी अभ्यासाचं नाव नाही. त्या वर्षी सीझन सुरू झाला आणि हा घरात. पहाटे चारपर्यंत जागा, दुपारी बारापर्यंत झोपून. ताटात भात तसाच. पंख्याच्या बटणावरून तुझ्यावर ओरडला होता, आठवतं? आम्ही म्हणालो, एमपीएससीचं टेन्शन, आळस, वयाचा राग. मग एक दिवस त्यानं आपले फुटबॉलचे बूट गल्लीतल्या पोराला देऊन टाकले. जिवापाड जपलेले बूट. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणालो, शाब्बास, मन मोठं आहे तुझं. आपल्या आवडीच्या वस्तू अशा वाटून टाकणं ही धोक्याची खूण असू शकते, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. कास्टिंगवर हातोडी वाजवून आवाजावरून भेग ओळखणारा माणूस मी. ती थाप अजून हाताला जाणवते.

गोळ्यांचंही सांगतो, कारण ते तुला अर्धवटच माहीत आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की फरक पडायला काही आठवडे लागतील, मनानं बंद करायच्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात घरात कुणीतरी म्हणालं, सवय लागेल. मीही म्हणालो, किती दिवस खाणार? त्यानं बंद केल्या. डिप्रेशनच्या त्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण त्या अचानक सोडायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात. आम्ही त्याला जोतिबाला नेलं. त्याचा मला पश्चात्ताप नाही, डोंगरावर त्याला बरं वाटलं होतं. पण दवाखानाही चालू ठेवायला हवा होता.

गोळ्या चालू असत्या तर तो राहिला असता, असं मी म्हणत नाही. लोक अजून कारण शोधतात. परीक्षा, एखादी मुलगी, माझं वर्कशॉपचं कर्ज. डॉक्टर म्हणतात, असं एका कारणानं होत नाही, आजार माणसाला दुसरी वाटच दिसू देत नाही. "आत्महत्या" या शब्दात हत्या आहे, म्हणून तो मला उच्चारवत नव्हता. माझ्या पोरानं गुन्हा केला नाही. तो आजारी होता.

एक गोष्ट मी अजून आईलाही सांगितलेली नाही. एका रात्री तो म्हणाला, "पप्पा, मी नसतो तर तुमचा खर्च तरी वाचला असता." मी म्हणालो, "असलं अभद्र बोलू नको." आजी म्हणायची ना, वास्तू तथास्तु म्हणते. मला वाटलं, तो शब्द घरात काढला तर खरा होईल. त्यात कुणीतरी डोक्यात भरवलेलं की असलं बाहेर कळलं तर पोलीस केस होते. तीही चुकीची भीती. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ पासून लागू आहे, आणि तो म्हणतो, असा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असं धरा, त्याला शिक्षा नाही, उपचार द्या. पण त्या रात्री मला यातलं काही माहीत नव्हतं. पोरानं तोंड उघडलं होतं आणि मी ते बंद केलं. सरळ विचारल्यानं तो विचार कुणाच्या डोक्यात घुसत नाही. उलट माणसाला बोलायला जागा मिळते.

आता तुझं. त्या संध्याकाळी दादाचा मिस्ड कॉल तुझ्या फोनवर होता, हे तू आईला सांगितलंस, मला नाही. चिऊ, तू लेक्चरला बसली होतीस. त्या वेळी तुझी जागा वर्गातच होती. तो कॉल तुझ्या अंगावर घेऊ नकोस.

दिवाळीत तू चार दिवस होतीस. रात्री दोनला तुझ्या खोलीत दिवा. मैत्रिणी रंकाळ्यावर बोलवायला आल्या, तू गेली नाहीस. नवा ड्रेस मावशीच्या मुलीला देऊन टाकलास. कदाचित तुला तो आवडला नसेल, बाकी काही नसेल. पण मी दारात उभा राहून ते बघत होतो आणि माझे पाय लटपटत होते. तरी तेव्हा विचारलं नाही. आज विचारतो.

तुला जगणं नकोसं वाटतं का? आत्महत्येचा विचार मनात येतो का?

येत असला तर सांग. मी ओरडणार नाही, अभद्र म्हणणार नाही, आईला सांगू का हेही आधी तुला विचारेन. आपण दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ. शनिवारी पहाटेच्या एसटीनं निघतोय, अकरापर्यंत हॉस्टेलच्या गेटवर असेन. आई कांदा-लसूण चटणी देणार आहे. तुला बोलावंसं वाटलं नाही तर नुसतं बसू, मला परतायची घाई नाही.

तुझे,
पप्पा

ता. क. शनिवारची वाट बघू नकोस. रात्री-अपरात्री कधीही मला उठव. मी उचलला नाही तर १४४१६ लाव, सरकारची टेलिमानस लाइन आहे, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. मी दोनदा बोललोय तिथं, स्वतःसाठी.