गोळ्यांच्या डब्याबद्दल, रागावू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की आई "बरंय गं सगळं" म्हणते आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन मोकळे होतात. म्हणून लिहिते आहे. येत्या गुरुवारी संधिवात विभागातल्या सिस्टरांकडे तुम्हा दोघांची वेळ घेतली आहे. विचारून नाही घेतली, घेऊनच टाकली. विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं ते आपल्या तिघांनाही ठाऊक आहे. ताई न्यायला येईल.

आई, दुपारची वेळ मुद्दाम मागितली. सकाळी तुझी बोटं मोकळी व्हायलाच तासभर जातो, त्यात घाईघाईने निघायला नको. सुई टोचणार नाहीत, तपासणीही नाही. बसून बोलायचं फक्त. हातांची खुर्ची असते का हेसुद्धा मी विचारून ठेवलंय, म्हणजे उठताना गुडघ्यावर भार यायला नको.

बाबा, आता तुमच्याशी. तुम्ही आईच्या गोळ्या जितक्या निगुतीने सांभाळता तितक्या मी माझ्याही सांभाळत नाही. तिला पट्टीतून गोळी दाबून काढता येत नाही, ती दातांनी फाडायला लागली, तेव्हा तुम्हीच कात्री घेऊन बसलात आणि एकेक गोळी कापून डब्यात ठेवायला लागलात. पण कापताना औषधाचं नाव आणि तारीख उरलेल्या पट्टीवरच राहते. डब्यात राहतात नुसते चंदेरी चौकोन. त्यात मेथोट्रेक्सेट ही संधिवाताची गोळीही पिवळी, बारकी आणि तिच्या जोडीची फॉलिक ॲसिडची, म्हणजे जीवनसत्त्वाची गोळीही पिवळी, बारकी. मागच्या वेळी मी असताना, मंगळवारी, तुमच्या तळहातावर कुठली होती ते मी पाहिलं. तुमच्याच लक्षात आलं आणि तुम्ही ती परत ठेवलीत. मी तेव्हा गप्प बसले. पण मेथोट्रेक्सेट ही रविवारची गोळी आहे, बाबा. आठवड्यातून एकदाच घ्यायची. तीच रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटत जातात आणि जिवावरही बेतू शकतं.

यात तुमच्या वयाचा काही संबंध नाही. ही गफलत जगभर होते, भल्याभल्यांची होते, अगदी लिहून देणाऱ्यांची आणि देणाऱ्यांचीही. 2019 मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने केवळ याच एका गोळीसाठी वेगळे उपाय सुचवले. त्यात एक उपाय असा, की ही गोळी बाटलीत सुटी न विकता पट्टीतच द्यावी. तेव्हा कात्री नको. झाकण सहज उघडणारा, वारांचे कप्पे असलेला डबा कसा भरायचा ते सिस्टर दाखवतील. रविवारची गोळी त्यात ठेवायची की वेगळी, तेही त्याच ठरवतील. तुम्ही किंवा मी नाही.

"डॉक्टर असताना सिस्टर कशाला?" हे ऐकू आलं मला. डॉक्टरांकडे बाहेर रांग असते. तिथे आई दुखणंसुद्धा अर्धंच सांगते. सिस्टरांचं कामच हे. युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्येच लिहून ठेवलंय, की रुग्णाला आजाराबद्दल नीट शिकवणारी नर्स आजाराच्या प्रत्येक टप्प्यावर हाताशी असायला हवी.

त्या समजावून सांगतील आणि मग आईलाच म्हणतील, आता तुम्ही मला सांगा, कुठली गोळी कधी, कशासाठी. ही परीक्षा नाही. आपण नीट सांगितलं की नाही, हे त्या त्यातून ताडून पाहतात. बाबा, तुम्ही मला सतराचा पाढा म्हणायला लावायचात तेव्हा आई तुमच्या पाठीमागून ओठ हलवायची, आठवतं? मला तिचे ओठ अजून दिसतात. पण गुरुवारी तुम्ही ओठ हलवायचे नाहीत. उत्तर आईनेच द्यायचं. आजवर तिच्या औषधांचं सगळं तुम्हाला ठाऊक आणि तिला काहीच नाही, असं चाललंय. तुम्ही घरात नसाल तेव्हा तिने काय करायचं? माईआत्याच्या वेळचं पुन्हा नको.

आई, तुझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यातली दुखण्याची गोळी मला माहीत आहे. बाबांना आत्ता कळलं, चालेल. डॉक्टरांनी दिलेली एक आणि वर ही एक, अशा दोन झाल्या की आराम दुप्पट होत नाही. पोट आणि मूत्रपिंड मात्र सोसतं. त्यात तुझी रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि मूत्रपिंड मंदावलं की मेथोट्रेक्सेटही अंगात साठते. दुखणं लपवून तू आम्हाला फार जपलंस. आता पुरे. ज्या हातांनी माझ्या घट्ट वेण्या घातल्या ते हात दुखतात हे सिस्टरांना मोकळेपणाने सांग, त्या बदल सुचवतील.

गुरुवारी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. सगळ्या म्हणजे सगळ्या, सर्दीच्यासुद्धा, कारण त्यांत बहुतेकदा पॅरासिटामॉल असतं आणि आई ते वेगळंही घेते. स्टेरॉइडची गोळी बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायची नाही. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं मंदावलेलं असतं, एकदम थांबवलं तर अंगाशी येतं. ती हळूहळू कमी करायची असते, तेही त्यांच्या सांगण्याने. रक्ततपासणीची तारीख चुकवायची नाही. यकृत आणि पांढऱ्या पेशी कुरकुरायला लागल्या तरी बाहेरून काही दिसत नाही, म्हणून तर ती तपासणी. ताप, घसा दुखणं, तोंड येणं, कोरडा खोकला, दम लागणं, यातलं काहीही झालं की त्याच दिवशी फोन करायचा, मेथोट्रेक्सेटची पुढची गोळी त्यांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात, लघवीच्या त्रासासाठी का होईना, तर आधी म्हणायचं, "मेथोट्रेक्सेट चालू आहे." काही अँटिबायोटिक्सशी तिचं मुळीच पटत नाही.

फार हुकूम सोडले. बाबा, गोळ्यांची वही तुमच्याकडेच राहणार आहे, तुमच्या अक्षरातच. फक्त तिथे रोज खूण आई करेल. पेन बोटांत धरवत नसेल तर जाड पेन आण म्हणून ताईला सांगितलंय.

तुमची,
धाकटी

ता. क. कुणीतरी दिलेली ती बिननावाची पुडी, जिने आईला "जादूसारखं" बरं वाटलं, ती लपवू नका आणि फेकूही नका. पिशवीत घाला. अशा पुड्यांत कधी कधी न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं असतं. किती दिवस घेतली ते आईने खरं सांगायचं. सिस्टर रागावणार नाहीत, मी विचारलंय.