मीडिया प्लेअरच्या अंतर्गत जोडणीतील दोषाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

संदर्भ : सेवा केंद्राने वॉरंटी नाकारताना दिलेला शेरा

महोदय,

गेल्या दिवाळीत मी आपल्या कंपनीचा, हार्ड डिस्क बसवता येणारा मीडिया प्लेअर विकत घेतला. उन्हाळा लागताच तासाभरात चित्र अडखळू लागले आणि पुढे तो मध्येच बंद पडून आपोआप पुन्हा सुरू होऊ लागला. सेवा केंद्राने दोनदा केवळ सॉफ्टवेअर नव्याने भरून दिले व तिसऱ्या खेपेस 'विजेच्या चढउतारामुळे बिघाड' असे लिहून वॉरंटी नाकारली. हा शेरा मला मुळीच मान्य नाही. ॲडॅप्टर प्लेअर चालू असतानाही बरोबर 12 व्होल्ट देतो, हे मी मीटर लावून पाहिले आहे.

वॉरंटी नाकारल्यानंतरच मी, टीव्ही दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्या माझ्या थोरल्या भावाकडून, प्लेअर उघडून घेतला. मुख्य चिपवर हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) आहे. परंतु त्याखालील थर्मल पॅडवरची (चिपची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ थरावरची) निळसर प्लास्टिकची फिल्म, जी पॅड बसवण्यापूर्वी सोलून टाकायची असते, ती तशीच होती आणि तिच्यावर चिपचा चौकोनी ठसा उमटला होता. चिपची उष्णता हीटसिंकपर्यंत धड पोचतच नव्हती. तिथून जेमतेम बोटभर अंतरावर 85 अंश सेल्सिअसपर्यंतच्याच तापमानासाठी बनवलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारे, आत द्रव असलेले छोटे भाग) आहेत. तापमान दर 10 अंशांनी वाढले की अशा कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, म्हणून उष्ण जागी 105 अंशांचे कपॅसिटर वापरतात. येथे दोन कपॅसिटरचे माथे फुगले आहेत आणि एकाच्या बुडाशी तपकिरी द्रव वाळला आहे. डिस्कची पट्टीही चार स्क्रूंऐवजी दोनच स्क्रूंवर आहे.

बोर्डावरील सोल्डरिंग स्वच्छ आहे, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. दोष जोडणीत आणि तपासणीत आहे. त्या डिस्कवर माझ्या वडिलांच्या भजनांची ध्वनिमुद्रणे आहेत. फिरत्या डिस्कचा वीजपुरवठा असा वारंवार तुटल्याने ती गमावण्याची वेळ आली होती, याचे मला फार वाईट वाटते.

तरी मुख्य बोर्ड विनामूल्य बदलून द्यावा, वरील शेरा लेखी मागे घ्यावा आणि त्याच खेपेतील इतर प्लेअरही तपासावेत. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

सोबत : बिलाची प्रत, सेवा केंद्राच्या तिन्ही पावत्या, फिल्म व कपॅसिटरची छायाचित्रे.

आपला,
एक ग्राहक