मालिकेतले घर आणि खरा भाडेकरार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्टच्या सत्रासाठी अमेरिकेला निघणाऱ्या मुलांच्या व्हिसावर, बॅगांच्या वजनावर दरवर्षी भरपूर छापून येते. मालिकांनी त्यांच्या डोक्यात आधीच वसवलेल्या अमेरिकेबद्दल मात्र कोणी लिहीत नाही.

‘फ्रेंड्स’ (१९९४–२००४) आपली मुले आजही कान तयार व्हावा म्हणून पाहतात. जरूर पाहावी. पण कथा मॅनहॅटनची असली तरी चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या स्टुडिओतले. स्वयंपाकघरात नोकरी करणाऱ्या मुलीला एवढे ऐसपैस घर परवडते कसे, याचा खुलासा मालिकेतच आहे: घर आजीच्या नावावर, भाडे नियंत्रित. आपल्या गिरगावातल्या जुन्या भाडेकरूंसारखेच म्हणा ना! तो संवाद विसरला जातो, जांभळ्या भिंती तेवढ्या लक्षात राहतात. प्रत्यक्षात न्यूयॉर्कचा घरमालक सहसा मासिक भाड्याच्या ४० पट वार्षिक उत्पन्न मागतो. भाडे २,५०० डॉलर असेल तर उत्पन्न १ लाख डॉलर हवे. विद्यार्थ्याकडे ना पगार, ना क्रेडिट हिस्टरी (म्हणजे तिथली कर्जफेडीची नोंद). मग अमेरिकेतला जामीनदार शोधा, आणि त्याच्याकडून बहुधा ८० पट मागतात. म्हणूनच बहुतेक मुले विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा चौघांत एक घर घेऊन राहतात.

त्याच मालिकेतली दुसरी नायिका कॉफीच्या दुकानात नोकरी धरते. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर हे चालत नाही. सत्र सुरू असताना आठवड्याला २० तास, तेही कॅम्पसवरच. बाहेर परवानगीशिवाय केलेले काम, मग पैसे रोख घेतले तरी, उघडकीस आले की स्टेटस, म्हणजे विद्यार्थी म्हणून तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा, जाते.

गांजाचेही तसेच. पडद्यावर तो सिगारेटसारखा फिरतो, आणि कोलोराडोसारख्या राज्यांत दुकानात उघड मिळतोही. संघराज्याच्या कायद्याने मात्र तो गुन्हाच आहे आणि व्हिसाचा निर्णय त्याच कायद्याने होतो. दारूसाठी वयाची अट २१ आहे, हे बारावीनंतर जाणाऱ्यांच्या पालकांनीही ध्यानात ठेवावे.

पोलिसांबाबतची चूक सर्वांत धोक्याची. आपल्याकडे हवालदाराने हात केला की आपणच उतरून लायसन्स दाखवायला जातो. तिथे मागे लाल-निळे दिवे लागले की इंडिकेटर देऊन उजव्या कडेला थांबायचे, इंजिन बंद, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. सांगितल्याशिवाय उतरायचे नाही. पोलिसाला तो धोका वाटतो. कागद खणात असतील तर आधी तसे सांगायचे, मग हात घालायचा. ॲक्शनपटात पाठलाग दहा मिनिटे चालतो, हे साधे थांबणे क्वचितच दिसते.

शेजारी न विचारता आत येऊन फ्रिज उघडतो, हा निव्वळ विनोद. तिथे आधी मेसेज करून विचारतात. ‘हाउ आर यू’ हा बहुतेक वेळा नमस्कारच, त्यावर तब्येतीचे पुराण लावू नये. मैत्री लॅबमध्ये, ग्रुप प्रोजेक्टमध्ये महिनोन् महिने मुरते. २२ मिनिटांच्या भागाची सवय लागलेली मुले महिनाभरातच ‘लोक कोरडे आहेत’ असा शेरा मारून मोकळी होतात.

आणि मालिकेत बसची वाट कोण पाहते? विद्यापीठांच्या कित्येक लहान गावांत रविवारी बस तासाला एक, काही ठिकाणी मुळीच नाही. किराण्याचे दुकान चार मैलांवर असेल तर स्वस्त खोली महागात पडते. घर ठरवण्याआधी त्या गावाचे रविवारचे वेळापत्रक उघडून पाहावे.

— एक वाचक, पुणे